'टोप'चे कोडे

काही वर्षांपूर्वी परांड्याकडच्या एका गावावर मी लेख लिहिला होता. आधाराला एका इंग्रज अधिकाऱ्याच्या टिपणाची नक्कल होती. पलटणीने गावाबाहेरच्या 'टोप'मध्ये मुक्काम केला, असे तीत लिहिलेले. परांड्याचा किल्ला जवळ. मला तोफेवाचून दुसरे काय सुचणार? गावी तोफखाना होता, असे मी बेधडक छापून मोकळा झालो.

पुढे त्या गावी गेलो, तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्याने मला गाठले. "गुरुजी, तोफा कुठं व्हत्या आमच्यात? आमराई व्हती थितं. पार तोडली लोकांनी."

घरी येऊन 'हॉब्सन-जॉब्सन' उघडला. युल आणि बर्नेल यांचा हा १८८६ सालचा कोश म्हणजे हिंदुस्थानात राहून इंग्रजीने काय काय उचलले त्याची वहीच. त्यात 'टोप' एकच, पण त्याची कुळे तीन!

पहिले कूळ तुर्की. 'तोप' म्हणजे तोफ. फारसीतून हा शब्द आपल्याकडे आला, आणि त्याच्या मागोमाग तो घडवणारे हातही आले. विजापूरच्या बुरुजावरची 'मुलूख मैदान' १५४९ साली अहमदनगरात ओतली ती एका रूमी, म्हणजे तुर्की मुलखातल्या, कारागिराने. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ साली आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. तेव्हा माझ्या चुकीला परांड्याचा थोडासा आधार होता, एवढेच समाधान!

दुसरे कूळ संस्कृत. 'स्तूप', पालीत 'थूप', आणि पंजाबच्या वायव्य भागात 'तोप'. कनिंगहॅमने १८५४ साली सांचीच्या परिसरातील स्तूपांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच 'टोप्स' आहे. या अर्थाचा टोपही आपल्या जिल्ह्याला परका नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'कर्त्या ग्रीक लेखकाने पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते सांगितले आहे. इथले कापड गाड्यांतून भडोचला जाई. तेरला विटांच्या स्तूपाचे अवशेष उत्खननात सापडले. गावातले त्रिविक्रमाचे देऊळही मुळात विटांचे चैत्यगृह. गोरोबाकाकांच्या गावी मातीने असे दोन्ही संप्रदाय सांभाळले.

तिसरे कूळ द्राविडी, आणि माझी फजिती याच कुळाने केली. तमिळ 'तोप्पु', तेलुगू 'तोपु' म्हणजे झाडांची राई. नळदुर्ग-उमरग्यापलीकडे कानडी मुलूख लागतो, तिथेही हा शब्द आहे. इंग्रजांनी तो मद्रासकडे उचलला आणि पलटणींबरोबर देशभर फिरवला. उत्तरेतल्या माणसाला तो ठाऊकही नव्हता. तळ द्यायचा तो सावली पाहून, हे उघडच आहे. १७५७ साली प्लासीला क्लाइव्हची फौजही आमराईतच उतरली होती.

(दारू ढोसणे आणि एक लहान शार्क मासा, असे इंग्रजीत 'टोप'चे आणखी दोन अर्थ आहेत. ते सुदैवाने परांड्याच्या वाटेला आले नाहीत.)

टिपणातले ते वाक्य मी पुन्हा वाचले. 'टोपपाशी' नव्हे, 'टोपमध्ये' मुक्काम! तोफेमध्ये पलटण कशी राहील, एवढेही मला त्या वेळी सुचले नव्हते. त्या आमराईचा लेखी पुरावा बहुधा ते एवढे एकच वाक्य, आणि त्यातली झाडे मी तोडली होती. माझा लेख ज्या मासिकात आला ते केव्हाच बंद पडले. म्हणून दुरुस्ती इथे नोंदवतो: त्या गावी तोफखाना असल्याचा पुरावा माझ्यापाशी नाही. गावाबाहेर आमराई होती.