दहा रुपयांचा कुत्रा

"कुत्रोच तो, जावंदे." दारातला कुत्रा कुणी विष घालून मारला की आपल्याकडे, मालवण काय नि देवगड काय, हेच ऐकू येतं. माडाच्या बुडात खड्डा काढला की विषय संपला.

पण मंडळी, जून १८३२ मध्ये कुत्र्यांवरून मुंबईत दंगल झाली होती. मोकाट कुत्री मारायला सरकार पोलिसांना कुत्र्यामागे पैसे देई. त्या लोभानं शिपाई घरातली पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली.

१८६० च्या भारतीय दंड संहितेनं या मुक्या जिवाला किंमत लावली. दहा रुपये किंवा जास्त किमतीचं जनावर मारलं तर कलम ४२८, दोन वर्षांपर्यंत कैद. पन्नास किंवा जास्त असेल तर कलम ४२९, पाच वर्षांपर्यंत. आता सांगा, गावठी कुत्र्याची पावती कुठून आणणार?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३२५ मध्ये किमतीची अटच नाही. जनावर कुठलंही असो, पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

तेव्हा पुरायची घाई करू नका. आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करून घ्या. कुत्र्याबरोबर पुरावाही मातीत गेला, तर कलम काय करणार?