मे महिन्यातली मुंबई

चौथीची परीक्षा संपली आणि १९८१ च्या मे महिन्यात आम्ही पाच जण मुंबईला निघालो. दादा, आई, मी, सहा वर्षांची बहीण आणि आईच्या काखेत दीड वर्षाचा धाकटा. आम्हा पोरांना सांगितलं होतं की, सुट्टीला चाललोय. राणीची बाग बघायची, दोन मजली बसमधून फिरायचं. खरं कारण वेगळं होतं. ते मला कितीतरी वर्षांनी आईकडून कळलं.

पाटण तालुक्यातलं आमचं गाव डोंगराच्या उतारावर. पावसाळ्यात भात-नाचणी, पुढं आठ महिने आभाळाकडं बघायचं. त्यामुळं घरटी एक माणूस मुंबईला, गिरणीत. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत कापड गिरणी काढायचं मनावर घेतलं, तेव्हापासून सव्वाशे वर्षं कोकणातली आणि आमच्या घाटावरची माणसं तिथं राबली. शाळेच्या इतिहासात हे कुठं नव्हतं. गावात त्याची खूण म्हणजे पोस्टमन. मनिऑर्डर आली की वाण्याची उधारी फिटायची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या घराची एक भिंत बसली. ती पुन्हा उभी राहिली तीसुद्धा तात्यांच्या मनिऑर्डरींवर.

तात्या म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. साचेखात्यात होते. गावी आले की फार मोठ्यानं बोलायचे. आम्हाला वाटायचं, मुंबईत असंच बोलतात.

कराडहून रातराणी एस.टी. धरली. खंबाटकीच्या घाटात बहिणीनं दोनदा ओकारी काढली. आईनं लिंबू हुंगायला दिलं, तरी पुण्यापर्यंत तेच. पहाटे वाशीच्या खाडीपुलावर आई जागी झाली. समोर दिवेच दिवे.

"एवढ्या बत्त्या कुणासाठी जळत्यात ओ?"

"आपल्या कोयनेचीच वीज हाय ती," दादा म्हणाले. आमच्या घरात तेव्हा कंदील होता.

लालबागला चाळीत आमच्या गावकीची खोली होती. दहा बाय बारा. भिंतीला एकावर एक ट्रंका रचलेल्या, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात मोरी. त्या खोलीत गावातली चौदा माणसं राहायची. गिरणीला तीन पाळ्या, म्हणून सगळी एका वेळी कधी नसायची. एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा. जेवायला खाणावळ. आम्ही आठ दिवस राहणार म्हणून ही सगळी माणसं गॅलरीत आणि खाली फुटपाथवर झोपायला गेली. आमच्या आळीतला एक जण तिसरी पाळी करून सकाळी यायचा आणि जिन्याखाली चादर अंथरायचा. गावी हाच माणूस गणपतीला इस्त्रीची पँट घालून यायचा, पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटायचा. मी त्याला जिन्याखाली बघितलं, त्यानंही मला बघितलं. दोघंही काही बोललो नाही.

पहाटे चारला नळाला पाणी. भोंगा झाला की धाकटा दचकून रडायला लागायचा. रडायचा तो थांबायचाच नाही, मग आई त्याला घेऊन गॅलरीभर फिरायची आणि झोपलेल्या माणसांच्या अंगावरून जपून पाय टाकायची.

राणीची बाग तेवढी मनासारखी बघितली. तात्यांनी आधी बाहेर संग्रहालयासमोरचा दगडी हत्ती दाखवला. तो घारापुरीच्या बेटावरनं आणलेला. त्या हत्तीमुळंच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. आत काळा घोडाही होता. शहरातल्या ज्या चौकात तो पूर्वी उभा होता, त्या चौकाला लोक अजून काळा घोडाच म्हणतात, आणि घोडा इथं बागेत. तात्यांना याचं मोठं हसू यायचं. बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटसाठी माझी आणि बहिणीची मारामारी झाली. चौपाटीवर बहिणीनं समुद्राला पाठ केली आणि घरी जाऊया म्हणून हट्ट धरला.

दादा मात्र आमच्यासोबत क्वचितच असायचे. "काम हाय," म्हणायचे. एकदा आईनं मला त्यांना डबा द्यायला तात्यांबरोबर पाठवलं. गिरणीच्या दाराशी पन्नास-साठ माणसं उभी होती, त्यात दादा. भिंतीपलीकडून साच्यांचा खडखडाट असा येत होता की, तात्या माझ्या कानाशी ओरडले तेव्हा कुठं ऐकू आलं. ते गावी मोठ्यानं का बोलतात ते तिथं समजलं.

दारातली ती माणसं बदली कामगार. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. नाहीतर घरी जा, उद्या परत या. दादांना बदलीत चिकटवायचं, जॉबरशी बोलायचं, जमलं तर जूनमध्ये मला इथल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत घालायचं, असा दोघा भावांचा बेत होता. सुट्टी त्यासाठी होती.

निघायच्या आदल्या रात्री आईनं विचारलं, "भावजी, तुमाला कायम व्हायला किती सालं लागली?"

तात्या जरा थांबले. "सात, वहिनी."

आईनं ट्रंकांकडं बघितलं. मग म्हणाली, "आपलं रान पडीक टाकून लोकाच्या दाराशी उभं ऱ्हायचं, त्यापरीस आपलं दार काय वाईट?"

दादा लालबागपासून कराडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

त्या वर्षीच्या दिवाळीत बोनसवरून गिरण्यांमध्ये असंतोष पेटला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली. बदलीवाल्यांना कायम करा, हीही त्यांची एक मागणी होती. मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं मान्यता एकाच संघटनेला, आणि कामगार गेले दुसऱ्याच्या मागं. सरकारनं हट्ट सोडला नाही, मालकांनीही नाही. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. नुसता विरून गेला.

शिमग्यापर्यंत तात्या ट्रंक घेऊन गावी आले. मग एकेक करत खोलीतले बाकीचे. पोस्टमन यायचा, पण पत्रं घेऊन.

आईला पुढचं दिसलं होतं असं गावात काही जण म्हणायचे. मला ते पटत नाही. संप कुणालाच दिसला नव्हता, तिनं फक्त खोली बघितली होती. आणि हेही खरं की, त्या खोलीतल्या चौदा माणसांनी तीन पाळ्या केल्या नसत्या तर आमचं ते रान कधीच सावकाराच्या नावावर लागलं असतं. आईनं हे दोन्ही कधी बोलून दाखवलं नाही. दादांनीही नाही. संपाच्या त्या पावसाळ्यात तात्या दादांच्या मागून चिखलात भात लावत होते. अकरा वर्षांत चिखलाची सवय गेली होती, पाय सडले.

पुढं गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज निघाले, तेव्हा तात्यांचा अर्ज मी भरला. गिरणी कधीच बंद झालेली. तिचं नाव लिहिलं, खातं लिहिलं. तिकीट नंबर विचारला, तर तो त्यांनी एका दमात सांगितला, इतक्या मोठ्यानं की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.