संकट आणि क्रोध : एका ख्रिस्ती वादाचा इतिहास

१/ इ.स. १७७. रोमन गॉलमधील लियों शहरात ख्रिस्ती लोकांचा भीषण छळ झाला. नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनस तुरुंगातच मरण पावले. ब्लँडिना नावाच्या दासीला हजारो प्रेक्षकांसमोर हालहाल करून मारण्यात आले. पोथिनसनंतर त्या गादीवर आला इरेनियस. छळ म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

२/ इरेनियसने आपल्या ग्रंथात अंतकाळाचेही वर्णन केले. ख्रिस्तविरोधक सत्तेवर येईल, मंडळीचा म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायाचा छळ करील आणि मग ख्रिस्त परत येऊन त्याचा नाश करील, असा तो क्रम होता. छळ सोसत असलेल्या त्या पिढीला पुढेही छळच दिसला, यात नवल नाही.

३/ वादाचे मूळ मात्र दोन ग्रीक शब्दांत आहे. 'थ्लिप्सिस' म्हणजे दाब, क्लेश, संकट. 'ऑर्गे' म्हणजे क्रोध. मराठी बायबलमध्येही 'मोठे संकट' आणि 'क्रोध' असे निरनिराळे शब्द येतात. मत्तयाच्या २४व्या अध्यायात आधी मोठे संकट येते आणि त्यानंतर निवडलेले लोक एकत्र केले जातात. पौल मात्र थेस्सलनीकाकरांना लिहितो की देवाने श्रद्धावंतांना क्रोधासाठी नेमलेले नाही.

४/ पेच येथेच आहे. अंतकाळीचे संकट हाच देवाचा क्रोध असेल, तर श्रद्धावंत त्यात सापडतीलच कसे? आणि संकट हे माणसांनी व सैतानाने केलेल्या छळाचे नाव असेल, तर त्यातून सुटका मिळेल असे वचन नेमके दिले कोठे आहे?

५/ १८३० चे दशक. आयर्लंडमधील विकलो परगण्यात लेडी पॉवर्सकोर्ट यांच्या वाड्यात भविष्यवाण्यांच्या अभ्यासासाठी परिषदा भरू लागल्या. तेथील प्रभावी वक्त्यांपैकी एक होते जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२). आयर्लंडच्या अँग्लिकन चर्चमधील हे धर्मगुरू पुढे 'प्लिमथ ब्रदरन' चळवळीचे अग्रणी झाले.

६/ डार्बींनी इस्राएल आणि मंडळी यांच्यात ठाम भेद केला. दानिएलाच्या भविष्यवाणीतील अखेरचा 'सप्तक', म्हणजे सात वर्षांचा काळ, इस्राएलसाठी आहे, मंडळीसाठी नाही. म्हणून तो सुरू होण्यापूर्वीच ख्रिस्त मंडळीला अंतराळात उचलून घेईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे 'रॅप्चर' या नावाने गाजलेली संकटपूर्व कल्पना ती हीच.

७/ विरोध घरातूनच झाला. प्लिमथचे बेंजामिन विल्स न्यूटन यांच्या मते मंडळीला संकटातून जावेच लागणार होते. सॅम्युएल प्रिडो ट्रेगेलिस हेही त्याच मताचे. ट्रेगेलिस साधे वादपटू नव्हते. प्रकटीकरणाच्या ग्रीक पाठाची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केली होती.

८/ वाद किती बारीक होता, याचे एक उदाहरण. प्रकटीकरण ३:१० मध्ये परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचे वचन आहे. संकटपूर्व पक्ष म्हणतो, राखणे म्हणजे त्या काळातून बाहेर काढणे. विरोधक योहान १७:१५ दाखवतात. तेथे तीच ग्रीक शब्दयोजना आहे, पण शिष्यांना जगातून काढून न घेता दुष्टापासून राखावे, अशी ती प्रार्थना आहे. मिसरवर पीडा कोसळल्या तेव्हा इस्राएली लोक मिसरमध्येच होते, याकडेही ते लक्ष वेधतात.

९/ १८४५ मध्ये डार्बींनी प्लिमथमध्ये न्यूटनपासून वेगळी चूल मांडली. भविष्यवाणीच्या मतभेदात नेतृत्वाचा संघर्ष मिसळला होता. १८४७ मध्ये ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या न्यूटन यांच्या लिखाणावर आक्षेप आले आणि त्यांनी प्लिमथ सोडले. १८४८ मध्ये ब्रिस्टलच्या मंडळीवरून चळवळ 'ओपन' आणि 'एक्स्क्लुझिव्ह' अशी दुभंगली. विशेष म्हणजे डार्बींपासून दुरावलेल्या 'ओपन' गटातही त्यांची संकटपूर्व कल्पना मोठ्या प्रमाणावर रुजली.

१०/ डार्बींनी उत्तर अमेरिकेचे अनेक दौरे केले. तेथील नायगरा बायबल परिषदेत याच प्रश्नावरून तट पडले. नॅथॅनिएल वेस्ट यांच्यासारख्या विद्वानांनी डार्बींचे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. पण १९०९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने स्कोफिल्ड यांचे सटीप बायबल छापले आणि पारडे फिरले. पवित्र वचन आणि त्याचा संकटपूर्व अर्थ आता एकाच पानावर, वरखाली छापलेले होते. सामान्य वाचकाच्या मनात त्यांतील सीमारेषा पुसट झाली.

११/ विरोध तरीही संपला नाही. १९५६ मध्ये जॉर्ज एल्डन लॅड यांनी 'द ब्लेसेड होप'मध्ये संकटोत्तर बाजू नव्याने मांडली. १९९० मध्ये मार्विन रोझेंथल यांनी तिसरी वाट काढली. ते स्वतः पूर्वी संकटपूर्व मताचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या मते संकट आणि क्रोध एकामागून एक येतात: श्रद्धावंत छळ सोसतील, पण सहावा शिक्का उघडल्यानंतर देवाचा क्रोध ओतला जाण्यापूर्वी उचलले जातील. डार्बींच्या अनुयायांचे उत्तर तयार होते: पहिला शिक्काही कोकराच्याच हातून उघडतो, मग तो क्रोध नव्हे कसा?

१२/ एका गोष्टीवर मात्र तिन्ही पक्षांचे एकमत आहे. देव आपल्या माणसांवर क्रोध ओतत नाही. त्यांचे भांडण आहे ते क्रोध नेमका कधी सुरू होतो याचे. व्यवहारात हा प्रश्न कोरडा राहत नाही. 'सुटका आधीच होईल' असे मानणारी मंडळी आशेने आकाशाकडे पाहते. 'सोसावे लागेल' असे मानणारी मंडळी आपल्या मुलांना सोसायला शिकवते. पोथिनस आणि ब्लँडिना यांच्या लियोंमध्ये दुसऱ्या शिकवणीची गरज रोजची होती.

#इतिहास #थ्रेड