उल्हास नदीचं डीबगिंग

मंडळी, आज कोडबद्दल काही नाही. आज पाण्याबद्दल, आणि जरा नाक मुरडायला लावणाऱ्या विषयाबद्दल. जेवून झालं असेल तरच वाचा!

आपल्या ठाकुर्लीच्या नळाला येणारं पाणी म्हणजे उल्हास नदी. राजमाचीखालच्या दरीतून, कोंढाणे लेण्यांच्या बाजूने ही बाई कर्जतला उतरते. पुढे तिला एक परकं पाणी मिळतं. आंध्रा नदी मूळची इंद्रायणीला मिळणारी, म्हणजे पूर्वेकडे जाणारी. तिचं धरणात अडवलेलं पाणी घाटाखाली सोडून भिवपुरीला टाटांनी १९२२ साली वीजघर सुरू केलं. वीज करून झाली की ते पाणी उल्हासमध्ये येतं. म्हणून तर ती उन्हाळ्यातही वाहती असते.

आता प्रश्न. अशा डोंगरातल्या नदीत विष्ठेतले जंतू सापडले, तर ते कुणाचे? गावाचे, गुरांचे, की आपले?

हा शोध तसा जुना आहे. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नोने जंतू न बघता, फक्त मृत्यूंचा नकाशा काढून कॉलऱ्याचं मूळ एका पंपापर्यंत नेलं. १८८४ साली रॉबर्ट कॉखला कलकत्त्यात एका तलावाच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू मिळाला. त्याच तलावाचं पाणी लोक प्यायचे आणि तिथेच कपडेही धुवायचे. पण दर वेळी प्रत्येक रोगाचा जंतू शोधत बसणं परवडत नाही. १८८५ साली एशेरिखने ज्या जंतूचं वर्णन केलं, तो ई. कोलाय इथे कामी आला. तो माणसाच्या आणि गुरांच्या आतड्यात कायमचा मुक्कामाला. म्हणजे तो पाण्यात दिसला, की विष्ठा पाण्यात मिसळली असणार. सोप्या भाषेत, तो एरर नाही, लॉगमधली एंट्री आहे.

मॅक्कॉन्कीने १९०५ च्या सुमारास पित्ताचे क्षार घातलेलं खाद्य वापरलं. इतर बरेच जंतू त्यात वाढत नाहीत, आतड्यातले मात्र मजेत राहतात. ते लॅक्टोज आंबवतात, वायू तयार होतो आणि आतल्या उलट्या नळीत बुडबुडा अडकतो. किती नळ्यांत बुडबुडा आला त्यावरून १०० मिलीत अंदाजे किती जंतू, ते काढतात. आपल्याकडे नदीत आंघोळीसाठी हा आकडा ५०० पर्यंत असावा आणि कमाल २५००. पिण्याच्या पाण्यात मात्र शून्य.

पण हा लॉग 'कोणी तरी येऊन गेलं' एवढंच सांगतो. युजरनेम नाही! क्लेमेशा नावाच्या अधिकाऱ्याने १९१२ सालीच भारतातल्या पाण्यावर पुस्तक लिहून बजावलं होतं की विलायतेचे निकष इथे जसेच्या तसे चालणार नाहीत, कारण इथल्या उन्हात जंतूंचं वागणं वेगळं. पुढे हवाई बेटांवर फुजिओकाने दाखवलं की उष्ण प्रदेशात ई. कोलाय मातीतसुद्धा तग धरतो. झाला ना फॉल्स पॉझिटिव्ह!

१९६० च्या दशकात अमेरिकेत गेल्ड्राइशने दोन प्रकारच्या जंतूंचं गुणोत्तर मांडलं. ४ च्या वर असेल तर माणूस, ०.७ च्या खाली असेल तर जनावर. कल्पना सुंदर, पण दोन्ही जंतू वेगवेगळ्या वेगाने मरतात, त्यामुळे नमुना जुना झाला की उत्तरही बदलतं. ती पद्धत मागे पडली. २००० साली बर्नहार्ड आणि फील्ड यांनी बॅक्टेरॉइडीस गटाच्या डीएनएत माणसाचे आणि गाईचे वेगवेगळे मार्कर शोधले. आता कुठे युजरनेम मिळायला लागलं. अर्थात तेही जगभर सारखं चालत नाही. ओडिशाच्या गावांमध्ये वापरण्याआधी कोणता मार्कर चालतो ते नव्याने तपासावं लागलं.

बाकी काम आपल्या बायनरी सर्चसारखंच. वरचा नमुना स्वच्छ, खालचा घाण, मग मधला घ्या, असं करत जागा अर्ध्यावर आणत जायची. फक्त पाऊस पडला की सगळी डोंगरउतारं एकदम नदीत येतात आणि सर्च फसतो.

आता म्हणाल, आपल्याकडे प्लांट आहे, क्लोरीन आहे, काळजी कशाला? तर दोन गोष्टी. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा आतड्याचाच जंतू निघाला. म्हणजे शहरात आहोत म्हणून सुटलो असं नाही. दुसरं म्हणजे, डोंगरातल्या ज्या वाड्यांवर ओढ्याचं पाणी थेट हंड्यात भरतात, तिथे मध्ये कुठलाच प्लांट नसतो.

आणि दर पावसाळ्यात शनिवार-रविवारी राजमाचीला, भिवपुरीच्या धबधब्याला झुंडीने कोण जातं? आपणच! सकाळी पाण्याची बाटली घेऊन ओढ्याकाठी आडोसा शोधणारे आपणच. तेव्हा एवढंच करा. उधेवाडीत ज्या घरी जेवता, तिथलंच शौचालय वापरा. अगदीच नाइलाज झाला तर पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, वीतभर खड्डा खणून, वर माती लोटून. ओढ्याकाठी अजिबात नाही.

कारण या नदीचा डाउनस्ट्रीम युजर म्हणजे आधी ती वाडी, आणि मग सोमवारी सकाळी नळाखाली बादली लावणारे तुम्ही-आम्ही.