आतड्याची भिंत आणि न ऐकू येणारा आवाज

सोनोग्राफी म्हटली की आपल्याकडे पहिली आठवण होते ती बाळंतपणाची. फार तर मुतखड्याची. याच यंत्राने आतड्याची जुनाट सूज मोजता येते असे कोणी सांगितले, तर आपण म्हणाल, "छे! आतड्यात तर वारा भरलेला. तिथे काय दिसणार?" वाचकहो, आपली शंका रास्त आहे. डॉक्टरांनाही ती दीर्घकाळ होती. त्या शंकेचीच ही हकिकत.

आधी आजार समजून घेऊ. काही माणसांच्या आतड्याला अशी सूज येते की ती साध्या हगवणीसारखी आठ दिवसांत ओसरत नाही. वर्षानुवर्षे राहते, कधी दबते, कधी उसळते. पोटात कळा, जुलाब, शौचावाटे रक्त आणि वजन घटणे ही तिची लक्षणे. तिचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पाडतो. क्रोनचा आजार मात्र भिंतीच्या आरपार जातो.

१९१३ साली ग्लासगो शहरातील केनेडी डॅलझील या शल्यवैद्याने असल्या आतड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. मेलेला वाम मासा ताठून जावा, तसे ते आतडे त्याला जाड आणि गुळगुळीत लागले. पुढे १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिंझबर्ग आणि ओपनहायमर यांनी चौदा रोग्यांचा वृत्तान्त दिला. नावे वर्णानुक्रमाने छापली गेली आणि आजाराला पहिले नाव चिकटले ते क्रोनचे!

म्हणजे खूण तेव्हाच हाती आली होती : भिंत जाड होते. पण ती कळायची केव्हा? पोट उघडल्यावर. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात आतड्याच्या पोकळीची छाया दिसे. पुढे दुर्बीण आली, तिने अस्तर दिसू लागले. पण घराचा रंग पाहून भिंतीची जाडी कशी कळावी? तसेच हे.

आता गंमत बघा. त्याच ग्लासगो शहरात इयन डोनाल्ड नावाचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. कारखान्यांतून धातूच्या आतली भेग शोधण्यासाठी, कानाला ऐकू न येणारा आवाज सोडून त्याचा पडसाद टिपत असत. १९५५ साली डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॅबकॉक अँड विलकॉक्सच्या कारखान्यात गेले आणि त्या यंत्राने तपासून आले! पाण्याची गाठ आणि मांसाची गाठ यांचे पडसाद वेगवेगळे आले. १९५८ साली त्यांनी मॅकव्हिकार आणि अभियंता टॉम ब्राऊन यांच्यासह 'लॅन्सेट'मध्ये पोटातील गाठींवरचा आपला लेख छापला.

रोगाची खूण सापडली ग्लासगोत, ती पाहण्याचे साधनही तिथेच पोटावर चालू लागले; तरी दोघांची गाठ पडायला वेळ लागला. आडवा आला तो वायू. आवाज वायूवर आपटून परत फिरतो, पलीकडचे काही दाखवीत नाही. म्हणून आतडे हे तपासणीतले विघ्नच समजले जाई. पण एक गोष्ट ध्यानात यायला हवी होती : सुजलेली भिंत जाड असते, आणि पोटाकडची तिची बाजू वायूच्या अलीकडेच असते. प्रोब हलके दाबले तर वायूही थोडा बाजूला सरतो. १९७९ साली 'गट' या नियतकालिकात होल्ट आणि सॅम्युएल यांनी क्रोनच्या आजारातील अशा चित्रांवर लेख लिहिला. पुढे यंत्रे सुधारली, भिंतीचे थर वेगळे दिसू लागले, डॉप्लरने त्यांतला रक्तप्रवाहही दिसू लागला. आज सुमारे तीन मिलिमीटरपर्यंतची भिंत निरोगी समजतात.

एवढ्या खटाटोपाचे प्रयोजन काय? तर हा आजार फसवा आहे. कळा थांबतात, माणूस कामाला लागतो, गोळ्या सोडतो; आत मात्र भिंत जाडच असते, वाट अरुंद होत जाते आणि एके दिवशी आतडे तुंबते. दुर्बिणीसाठी जुलाब घेऊन पोट रिकामे करावे लागते; ते दर दोन-तीन महिन्यांनी कोण करील? पोटाला जेली लावून प्रोब फिरविणे मात्र पुन्हा पुन्हा करता येते. क्ष-किरण नाहीत, वेदना सहसा नाहीत. जर्मनीतील २३४ क्रोन-रोग्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. औषध वाढविल्यावर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी भिंत मोजली, तेव्हा ती पातळ होत गेलेली आढळली.

पण साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील २८४ रोग्यांच्या अभ्यासात, लहान आतड्यातला आजार कुठवर पसरला आहे हे एमआरआयने अधिक अचूक कळले. गुदाशय खोल असल्याने पोटावरून नीट दिसत नाही. तुकडा काढून तपासायचा तर दुर्बीणच हवी. आणि आपल्या देशात तर आतड्याचा क्षयही भिंत अशीच जाड करतो. नुसत्या चित्रावरून निवाडा करणे धोक्याचे. शिवाय पाहणाऱ्याचा हात शिकलेला हवा.

तरीही या हकिकतीचे मर्म एकच. असल्या आजारात एकदा पाहून भागत नाही. पाहत राहावे लागते. तेव्हा आपल्या घरी कोणी म्हणाले, "आता बरं वाटतंय, तपासणी कशाला?" तर त्याला एवढेच सांगा : बाबा, पोट गप्प बसले म्हणजे भिंत बरी झाली असे नव्हे. ती डॉक्टरांकडून एकदा मोजून घे.