ब्रिज तुटत नाही, तरी काढावा का लागतो? सिरॅमिक दातांची गोष्ट

मुरुम आणि आसपासच्या गावांतून दात बसवायला येणारे पेशंट हल्ली हमखास विचारतात, "डॉक्टर, मेटलचा ब्रिज बसवू की झिरकोनियाचा? जास्त कोणता टिकतो?" याचं उत्तर समजायला थोडं मागे जावं लागेल.

साधारण १७७४ मध्ये पॅरिसचे औषधविक्रेते दुशातो आपल्या हस्तिदंती कवळीच्या वासाला कंटाळले आणि त्यांनी चिनी मातीची कवळी करवून घेतली. वास गेला, पण भट्टीत माती आकसायची, त्यामुळे माप चुकायचं. पुढे १८८९ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या डॉ. चार्ल्स लँड यांनी एका दातावर बसणाऱ्या पोर्सिलेन कॅपचं पेटंट घेतलं. (विमानाने एकट्याने अटलांटिक ओलांडणारा लिंडबर्ग हा यांचाच नातू.) एका दाताला ही कॅप चालायची. ब्रिजला मात्र नाही.

कारण सोपं आहे. ब्रिजमध्ये पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर कॅप बसवतात आणि मधला दात त्यांना जोडलेला असतो, म्हणजे तो अधांतरी असतो. आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी जमिनीवर पसरली तर बैलगाडीही पेलते. तीच दोन विटांवर आडवी ठेवून मध्ये उभं राहा, खालच्या बाजूने तडकेल. पोर्सिलेनचंही तसंच: दाब सोसतं, ताण सोसत नाही.

म्हणून आतून धातूचा सांगाडा आला. १९६२ मध्ये अमेरिकेत वाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सोन्याच्या मिश्रधातूवर पक्कं बसणाऱ्या पोर्सिलेनची पेटंटं मिळाली. आपण ज्याला 'मेटल सिरॅमिक' म्हणतो, ते हेच. १९६५ मध्ये मॅकलीन आणि ह्यूज यांनी अ‍ॅल्युमिना मिसळून पोर्सिलेन मजबूत केलं, पण दाढांच्या ब्रिजला तेही पुरेना.

मग आला झिरकोनिया. याची खुबी म्हणजे तडा जाऊ लागला की त्या टोकाचे स्फटिक रूप बदलून किंचित फुगतात आणि तडा आवळून धरतात. मग प्रश्न सुटला का?

झुरिचच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाढांच्या झिरकोनिया ब्रिजचे पाच वर्षांचे निकाल छापले. सांगाडे ९७.८ टक्के शाबूत होते. एकच तुटला, तोही इजेमुळे. पण तोंडात टिकलेले ब्रिज ७३.९ टक्केच! १२ ब्रिज बदलावे लागले. २१.७ टक्के ब्रिजच्या आधाराच्या दातांना पुन्हा कीड लागली होती आणि १५.२ टक्के ब्रिजवरच्या पोर्सिलेनचा टवका उडाला होता. हे यंत्राने कोरलेले अगदी सुरुवातीचे ब्रिज होते आणि त्यांच्या कडा नीट बसत नव्हत्या, हेही ध्यानात घ्यायला हवं. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला पाच वर्षांचा हिशेब असा: मेटल सिरॅमिक ब्रिज ९४.४ टक्के टिकले, झिरकोनियाचे ९०.४ टक्के. म्हणजे महाग घेतला म्हणून जास्त टिकला, असं या आकड्यांत तरी दिसत नाही. आता वरून पोर्सिलेनचा थर न देता अखंड झिरकोनियाचे ब्रिज करतात, त्यात टवक्याचा प्रश्न उरत नाही. किडीचा उरतोच.

लॅबचं वॉरंटी कार्ड पेशंट जपून ठेवतात, ते ठीक आहे. पण ती हमी झिरकोनियाची असते. खालचा घासलेला दात तुमचा आहे, त्याची हमी कुठलीच लॅब देत नाही. तो किडला तर अख्खा ब्रिज काढावा लागतो, आणि कधीकधी एकाऐवजी तीन दातांची जागा भरायची वेळ येते.

त्यामुळे माझ्या मते मटेरियलच्या आधी आधाराचे दात आणि हिरड्या बघाव्यात, एक्स-रे काढावा. शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील तर ते न घासता इम्प्लांट बसेल का, हेही विचारा. आणि मिश्री लावत असाल तर ती सोडा. तंबाखूने हिरड्या खराब होतात, आणि तुमचं बोट मधल्या दाताच्या खाली पोचतही नाही. तिथे सुपरफ्लॉस नावाचा जाडसर दोरा लागतो. ब्रिज बसवला त्याच दिवशी तो ओवायला शिकून घ्या, आणि दर सहा महिन्यांनी कडा तपासून घ्या.