उत्पादन विभागाचे सॉफ्टवेअर : घडण, उपयोग आणि जोखीम

लहान-मध्यम कारखान्यांत पगारपत्रक, खरेदी-विक्री आणि कर यांचे हिशेब संगणकावर येऊन बराच काळ लोटला. प्रत्यक्ष यंत्राशेजारी मात्र अनेक ठिकाणी आजही दोरीने बांधलेले पेन आणि कोपरे दुमडलेली नोंदवही दिसते. पाळी संपताना कामगार तीत आकडे भरतो, पर्यवेक्षक सही करतो आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयातील कारकून ते आकडे संगणकात उतरवून घेतो. यंत्र नेमके केव्हा थांबले, कशामुळे थांबले आणि बाद झालेला माल कोणत्या घाणीतील होता, या प्रश्नांची उत्तरे या प्रवासात बहुधा हरवतात. ती उत्तरे घटना घडत असतानाच टिपून ठेवणारी संगणकप्रणाली म्हणजे उत्पादन विभागाचे सॉफ्टवेअर. वेर्णा, कुंडई, पिळर्ण येथील औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांपुढे आज ना उद्या हा विषय येणारच आहे. म्हणून त्याची मूलभूत माहिती येथे देत आहोत.

थोडा इतिहास

या सॉफ्टवेअरचा पाया मोटारउद्योगात घातला गेला. १९६०च्या दशकात यंत्रांचे नियंत्रण रिले आणि तारांच्या जंजाळाने होत असे. मोटारीचे नवे मॉडेल आले की संपूर्ण जोडणी उकलून पुन्हा करावी लागे. अमेरिकेतील जनरल मोटर्सने यावर पर्याय मागितला आणि डिक मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॉडिकॉन ०८४’ हे उपकरण १९६९ साली तयार केले. तारा न बदलता केवळ आज्ञावली बदलून यंत्राचे वर्तन बदलणारे हे उपकरण ‘प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर’, अर्थात ‘पीएलसी’ या नावाने जगभर पसरले. मॉडिकॉननेच १९७९ मध्ये ‘मॉडबस’ ही यंत्रांनी परस्परांशी बोलण्याची भाषा आणली. ती आजही असंख्य कारखान्यांत वापरात आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकाच पद्धतीने माहिती देता यावी, यासाठी १९९६ साली ‘ओपीसी’ हे मानक आले. पुढे त्याची ‘ओपीसी यूए’ ही अधिक सुरक्षित आवृत्ती निघाली.

‘मॅन्युफॅक्चरिंग एक्झिक्युशन सिस्टिम’, थोडक्यात ‘एमईएस’, ही संज्ञा १९९०च्या दशकाच्या आरंभी रूढ झाली. उत्पादन विभागाच्या सॉफ्टवेअरला उद्योगजगतात याच नावाने ओळखले जाते.

चार मजल्यांची इमारत

‘आयएसए-९५’ हे आंतरराष्ट्रीय मानक कारखान्यातील माहितीव्यवहाराचे स्तर पाडते. सर्वांत खाली प्रत्यक्ष प्रक्रिया व तिच्यावरील संवेदक. त्याच्या वर पीएलसी आणि देखरेखीचे पडदे. तिसऱ्या स्तरावर एमईएस आणि चौथ्यावर ‘ईआरपी’, म्हणजे मागण्या, साठा, पैसा यांचा हिशेब ठेवणारी प्रणाली. या स्तरांतील मुख्य भेद काळाचा आहे. चौथा स्तर महिने, आठवडे आणि दिवस यांचा विचार करतो, तर दुसरा स्तर सेकंदाच्या अंशात निर्णय घेतो. मधल्या तिसऱ्या स्तराला पाळी, तास आणि मिनिटे यांत काम करावे लागते. वरून आलेली ‘पाच हजार नग तयार करा’ ही मागणी कोणत्या यंत्रावर, कोणत्या साच्याने, कोणत्या क्रमाने पुरी करायची हे तो खाली सांगतो. खाली काय घडले ते वर कळवतो. हा मधला मजला रिकामा असला की त्याची जागा नोंदवही आणि फोन घेतात.

पहिला आकडा कोणता?

अशा प्रणालीकडून बहुतेक कारखाने प्रथम ‘ओईई’, म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता, मागतात. जपानचे सेइइची नाकाजिमा यांनी ‘समग्र उत्पादक देखभाल’ या पद्धतीचा भाग म्हणून हे माप प्रचारात आणले. त्याचे तीन घटक आहेत : उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता.

उदाहरणादाखल एक पाळी घेऊ. आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची पाळी. त्यातील ३० मिनिटे जेवणाची. उरलेल्या ४५० मिनिटांत यंत्र ९० मिनिटे बंद राहिले, म्हणजे ३६० मिनिटे चालले. उपलब्धता झाली ८० टक्के. मिनिटाला एक नग या वेगाने ३६० नग निघायला हवे होते, निघाले ३०६. वेग झाला ८५ टक्के. त्यातील १५ नग बाद ठरले आणि २९१ चांगले निघाले. गुणवत्ता झाली सुमारे ९५ टक्के. तिन्हींचा गुणाकार सुमारे ६५ टक्के येतो. उद्योगात ८५ टक्के हा आकडा आदर्श म्हणून सांगितला जातो. तथापि या गणितातील खरी मौल्यवान माहिती अंतिम आकड्यात नसते. ती त्या ९० मिनिटांच्या कारणांत असते. साचा बदलण्यात ४० मिनिटे गेली की कच्चा माल येण्याची वाट पाहण्यात, यावर उपाय ठरतो. कारण नोंदवायची सोय नसेल, तर टक्केवारी दाखवणारा मोठा पडदा भिंतीची शोभा वाढवण्यापलीकडे काही करत नाही.

तयार की स्वतंत्र?

बाजारात तयार एमईएस अनेक आहेत. मग स्वतःसाठी वेगळे का घडवून घ्यावे? याचे उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीला प्रत्येक ओतकामाचा हीट नंबर आणि त्या वेळचे रासायनिक प्रमाण जपायचे असते. गोव्यातील गोळ्यांच्या कारखान्याला बॅच क्रमांक, वजनाच्या नोंदी आणि यंत्राच्या स्वच्छतेची वेळ जपायची असते. माशांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगात शीतगृहाचे तापमान हीच सर्वांत महत्त्वाची नोंद ठरते. तयार प्रणाली या साऱ्यांना एकाच साच्यात बसवू पाहते, आणि तिचा परवाना व जुळवणी यांचा खर्च लहान कारखान्याला पेलेलच असे नाही.

स्वतंत्र सॉफ्टवेअरचीही किंमत असते, फक्त ती उशिरा मोजावी लागते. आज लिहिलेली आज्ञावली पाच वर्षांनी दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न तिच्याबरोबरच जन्माला येतो. म्हणून अनुभवी मंडळी मधला मार्ग सुचवतात : साठा, हिशेब, कर यांसारखी सर्वत्र सारखी असणारी कामे तयार प्रणालीवर सोपवावीत आणि आपल्या प्रक्रियेचे जे वेगळेपण आहे, तेवढ्यासाठीच स्वतंत्र सॉफ्टवेअर घडवावे.

घडवण्याची रीत

पहिली पायरी संगणकापाशी नसून यंत्रापाशी आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने किमान एक दिवसपाळी आणि एक रात्रपाळी उत्पादन विभागात उभे राहून पाहिली पाहिजे. कार्यपद्धतीच्या पुस्तकात लिहिलेले आणि प्रत्यक्ष होणारे काम यांत अंतर असते, आणि त्या अंतरातच बहुतेक प्रकल्प अडकतात.

दुसरी पायरी यंत्रांशी संधान बांधण्याची. नव्या यंत्रांतील पीएलसीकडून माहिती थेट घेता येते. जुन्या लेथला किंवा प्रेसला पीएलसी नसतो. तेथे मोटारीच्या तारेभोवती विद्युतप्रवाह मोजणारा संवेदक बसवला, तरी यंत्र चालू आहे की बंद एवढे निश्चित समजते. सुरुवातीला एवढेही पुरेसे असते.

तिसरी पायरी पडद्याची. हातमोजे घातलेल्या, तेलकट बोटांनी दाबता येतील अशी मोठी बटणे, थोडे शब्द आणि कारणांची छोटी यादी लागते. यंत्र थांबल्याची तीस कारणे पडद्यावर दिली, तर घाईतील कामगार पहिलेच बटण दाबून मोकळा होतो आणि महिनाअखेरीस सर्व बिघाड एकाच कारणाखाली जमा झालेले दिसतात. गोव्यातील कारखान्यांत कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड बोलणारे हात शेजारी-शेजारी काम करतात. त्यामुळे पडद्याची भाषा बदलता येणे ही येथे चैन नव्हे, गरज आहे.

चौथी गोष्ट विजेची आणि जाळ्याची. पावसाळ्यात वीज जाते, इंटरनेट तुटते. अशा वेळी नोंदी यंत्राशेजारच्या छोट्या संगणकात साठून राहाव्यात आणि जोडणी परतल्यावर मूळ वेळेसह मध्यवर्ती संगणकाकडे जाव्यात, अशी व्यवस्था आरंभापासूनच हवी. नंतर ती जोडणे अवघड जाते.

शेवटी, सर्व विभागांत एकदम प्रारंभ करण्यापेक्षा एकाच यंत्रसाखळीवर काही आठवडे प्रयोग करावा. त्या काळात नोंदवही बंद करू नये. वही आणि पडदा यांचे आकडे जुळू लागले की मगच पुढे जावे.

औषधनिर्मितीचे वेगळे नियम

औषधनिर्मिती हा गोव्यातील एक प्रमुख उद्योग आहे आणि तेथे सॉफ्टवेअरला कायद्याचीही चौकट आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इलेक्ट्रॉनिक नोंदी व सह्या यांविषयीचा ‘भाग ११’ हा नियम १९९७ साली लागू केला. तेथे माल पाठवणाऱ्यांना तो पाळावा लागतो. भारतातही औषध नियमांतील अनुसूची ‘एम’ डिसेंबर २०२३ मध्ये सुधारून अधिसूचित झाली आणि संगणकीकृत प्रणालींविषयीच्या अपेक्षांचा तीत समावेश झाला. ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रचलित औषधनामांच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. त्यात बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख व मुदत असते. वेष्टनावरील त्या चौकोनामागे उत्पादन विभागातील अचूक नोंद उभी असावी लागते.

या क्षेत्रात नोंदीच्या पाच कसोट्या सांगितल्या जातात : ती कोणी केली हे समजावे, ती वाचता यावी, घटना घडतानाच केलेली असावी, मूळ असावी आणि अचूक असावी. चुकीची नोंद खोडता येत नाही. दुरुस्ती करता येते, परंतु जुना आकडा, नवा आकडा, वेळ, नाव आणि कारण हे सारे मागे राहते. एखाद्या बॅचमध्ये दोष आढळला, तर नेमक्या किती पेट्या परत बोलवायच्या, हे या नोंदींवरच ठरते. नोंद धूसर असेल, तर निर्दोष मालही परत आणावा लागतो; किंवा त्याहून वाईट म्हणजे सदोष औषध रुग्णाच्या घरी राहून जाते.

दोन धडे

२९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे जपानमधील १४ जुळणी कारखाने थांबले. सुट्या भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या संगणकांवर आदल्या दिवसांत देखभालीचे काम झाले होते आणि त्यात साठवणुकीची जागा अपुरी पडली. पर्यायी संगणकही त्याच व्यवस्थेवर चालत असल्याने तोही उपयोगी पडला नाही. जगातील सर्वांत शिस्तबद्ध उत्पादनपद्धतींपैकी एक पद्धत डिस्कवरील जागेअभावी अडली.

मार्च २०१९ मध्ये नॉर्वेतील ॲल्युमिनियम कंपनी नॉर्स्क हायड्रोवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. कंपनीने खंडणी दिली नाही. अनेक ठिकाणी कामगारांनी कागदावरील नोंदी आणि हाताने नियंत्रण यांच्या आधारे उत्पादन सुरू ठेवले. हाताने काम करण्याचे ज्ञान तेथे शिल्लक होते, म्हणून हे शक्य झाले. नोंदवही कायमची अडगळीत टाकण्यापूर्वी प्रत्येक कारखान्याने हे प्रसंग आठवावेत. वर्षातून एकदा संगणकाविना पाळी चालवून पाहण्यास फारसा खर्च येत नाही.

मालकी कोणाची?

करार करताना सर्वाधिक दुर्लक्ष होते ते येथे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणकीय आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या आज्ञावलीची मालकी, अन्यथा ठरले नसेल तर, मालकाकडे जाते. बाहेरील संस्थेकडून मोबदला देऊन घडवून घेतलेल्या आज्ञावलीला मात्र हा नियम आपोआप लागू होत नाही. हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. त्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. म्हणून करारात मूळ आज्ञावली, तिची मालकी, मुदत, प्रदेश आणि कारखान्याच्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळण्याची हमी हे मुद्दे स्पष्ट असावेत. पैसे पूर्ण दिले म्हणजे वस्तू आपली झाली, हा बाजारातील समज येथे चालत नाही.

आकडे कोणासाठी?

यंत्र किती वेळ थांबले हे मोजणारी प्रणाली अप्रत्यक्षपणे माणसालाही मोजत असते. पहिल्याच महिन्यात त्या आकड्यांवरून कोणाचा भत्ता कापला गेला, तर पुढच्या महिन्यापासून आकडे सुंदर येऊ लागतात आणि खोटे असतात. साचा अडकला असताना ‘वीज नव्हती’ असे बटण दाबले जाते. साचा तसाच झिजत राहतो. म्हणून कोणती माहिती गोळा होणार, ती कोण पाहणार आणि कशासाठी वापरणार नाही, हे कामगारांना व त्यांच्या संघटनेला आधी सांगून लेखी ठरवणे हिताचे ठरते. कामगाराने नोंदवलेल्या कारणावर आठवडाभरात दुरुस्ती झालेली त्याला दिसली, तर पुढची नोंद तो स्वतःहून आणि खरी करतो. यंत्र अडते कोठे, हे शेवटी त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.